पुरातला टँकर

माझं माहेर श्रीगोंदा तालुक्यातलं. कालव्याचं पाणी, उसाचे फड आणि हिवाळाभर नाकात बसणारा मळीचा वास, यात मी वाढले. बारा वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक मिळाली, ती जिल्ह्याच्या पार पूर्वेच्या टोकाला. कागद बघून वडील म्हणाले, "तिकडं पाण्याची बोंब हाय. जाताना दोन हंडे जास्तीचे ने." त्यांनी चेष्टा केली होती. मी खरंच नेले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते कमी पडले.

गावाला नदी होती, पण नकाशावर. एरवी तो नुसता वाळूचा पट्टा होता. मुलं तिथं क्रिकेट खेळायची. शाळेला मैदान नसल्यामुळं धावण्याच्या शर्यतीसुद्धा मी पात्रातच घ्यायचे. फेब्रुवारीपासून गाव टँकरवर जगायचं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघून जायचं, आणि त्यातले बरेचजण माझ्या माहेरच्याच बाजूला. ते आमचा ऊस तोडायला तिकडं आणि मी त्यांच्या मुलांना शिकवायला इकडं. नवरा नगरला एमआयडीसीत नोकरीला, म्हणून आठवडाभर मी गावात भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी जायचे.

शाळेत खिचडी शिजवायला एक मावशी होत्या. साठीच्या, काटक, आवाज असा की त्या चुलीपाशी बोलल्या तर चौथीच्या वर्गात ऐकू यायचं. तीस वर्षं ऊस तोडून गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी कोयता खाली ठेवला आणि झारा हातात घेतला. नवरा वारलेला, मुलगा-सून हंगामात फडावर आणि एरवी नगरला बांधकामावर. त्या नदीकाठच्या वस्तीवर मातीच्या भिंतीच्या घरात एका शेळीबरोबर राहायच्या. मला 'बाई' म्हणायच्या आणि माझ्या डब्यातली भाजी रोज चाखून नावं ठेवायच्या.

गेल्या वर्षी पितृपंधरवड्यात तीन दिवस पाऊस उघडलाच नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते, तेवढ्यात मावशी चिखल तुडवत दारात आल्या. एका काखेत शेळीचं पाटरू, दुसऱ्या काखेत मिठाची बरणी.

"बाई, शाळा उघडा. नदी आली."

"कुठं आली?"

"माझ्या चुलीपतुर."

मी चाव्या घेऊन पळाले. दुपारपर्यंत वस्तीवरची साठ-पासष्ट माणसं शाळेच्या दोन खोल्यांत आणि पडवीत आली होती. शाळा उंचावर आहे, तिला धोका नव्हता. सगळी माणसं मोजून झाली, जनावरं सोडून दिलेली होती ती आपोआप टेकाडावर चढली होती, आणि मग आम्ही सगळे स्लॅबवर जाऊन नदी बघायला उभे राहिलो. ज्या पात्रात मी मुलांच्या शर्यती लावायचे तिथून तांबडं पाणी घों घों करत चाललं होतं. रस्त्याला जोडणारा गावचा फरशीपूल आमच्या डोळ्यांदेखत गेला. पडला असं म्हणता येणार नाही. आधी त्याचे कठडे हलले, मग मधला भाग हलला आणि तो सरळ निघून गेला. कुणी ओरडलं नाही. एक म्हातारबाबा तेवढे म्हणाले, "झालं. एसटी बंद."

नगरला जाणारा तो एकच रस्ता होता. मागच्या बाजूची पायवाट ओढ्यानं अडवली होती. सरपंच आदल्या दिवशी कामासाठी नगरला गेलेले, ते तिकडंच अडकले. ग्रामसेवक तालुक्याला. म्हणजे गावात त्या क्षणी सरकारी पगार घेणारं माणूस मी एकटीच होते, आणि ते माझ्याआधी गावाच्या लक्षात आलं.

"बाई, तुमचं सरकार कवा येतंय?" संध्याकाळी पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मग पुढचे सहा दिवस ते सगळ्यांनी विचारलं.

खायची अडचण नव्हती. शाळेत पोषण आहाराचा तांदूळ होता, मटकी होती, गॅसची टाकी नुकतीच बदललेली होती. मावशींनी सगळ्यात मोठं पातेलं चढवलं. वस्तीवरच्या बायकांनी भरून आणलेली पिठं एकत्र केली. माणसांना काही काम नव्हतं, आणि या माणसांना मी बारा वर्षांत बिनकामाचं कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं सवयीनं आपापल्या जागी जाऊन बसली. त्यांच्या मागं जागा नाही म्हणून त्यांचे आईबाप बसले, त्यांच्या मागं आजोबा-आज्या. मी हजेरी घेतली. हजेरीत आजोबाही "हजर" म्हणायला लागले. मग तिसरीतल्या एका मुलीनं आपल्या बापाला सातचा पाढा म्हणायला लावला आणि तो सात सक्कं बेचाळीसला अडकला, तेव्हा खोलीत जो हशा झाला, तो बाहेरच्या नदीच्या आवाजापेक्षा मोठा होता. ती मुलगी कडक होती. बापाला तिनं खरंच उभं केलं.

त्याच दिवशी मावशींच्या नवऱ्याची तिथ होती. पितरांना घास ठेवायचा तर घरात पाणी, वडे-खीर करायला काही नाही. मावशींनी पत्रावळीवर खिचडी घेतली आणि त्या स्लॅबवर गेल्या. आम्हाला वाटलं, कावळा कसला शिवतोय. पण पावसानं तेही उपाशी असावेत. मावशींनी हात जोडायच्या आत कावळा येऊन बसला, आणि एक घास घेऊन थांबला नाही, सगळी पत्रावळ साफ केली.

मावशी त्याच्याकडं बघत म्हणाल्या, "जित्तेपनी एक डाव माझ्या खिचडीला चांगली म्हनला न्हाई. आता बघा कसा खातोय." आणि पदरात तोंड घालून हसता हसता थोडं रडल्या.

मोबाईलला रेंज फक्त स्लॅबवर, पाण्याच्या रिकाम्या टाकीपाशी यायची. वीज नव्हतीच. गावात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत, त्यांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर माझा फोन चार्ज करून दिला. मी मदतीच्या नंबरला फोन लावला. अकराव्या खेपेला लागला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"कोणता तालुका, मॅडम?"

मी सांगितला.

"काय समस्या आहे?"

"पूर आलाय. पूल वाहून गेला. साठ-पासष्ट माणसं शाळेत आहेत."

बराच वेळ टकटक ऐकू आली.

"मॅडम, तुमच्या तालुक्याला पुराचा पर्यायच येत नाहीये."

"म्हणजे?"

"तुमचा तालुका अवर्षणप्रवण आहे ना. इथं पाणीटंचाई, चारा, उष्माघात आणि वीज पडणे, एवढंच दाखवतंय."

"अहो, पण पूर आलाय."

"मी नाही म्हणतच नाही, मॅडम. पण काहीतरी निवडल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. तुम्हाला आत्ता सगळ्यात जास्त गरज कशाची आहे?"

मी विचार केला. विहीर पुरात बुडाली होती, हातपंप बुडाला होता. आम्ही पागोळ्यांचं पाणी पीत होतो आणि पाऊस आता कमी होत चालला होता.

"प्यायच्या पाण्याची," मी म्हणाले.

"मग टंचाईत टाकू?"

"टाका."

होडीचं विचारलं तर ती म्हणाली, होडी गोदाकाठच्या तालुक्यात असते, तिकडं मागणी जास्त आहे. मी खाली आले आणि सगळ्यांना सांगितलं, नोंद झाली. कशात झाली ते सांगितलं नाही. मला लाज वाटली.

दुपारी पलीकडच्या काठावर एक जीप आली. त्यातून एक साहेब उतरले. तालुक्याला नवीनच असावेत, कुणी त्यांना ओळखत नव्हतं, त्यांचा नंबरही कुणाकडं नव्हता. त्यांनी छत्री धरून नदीचा फोटो काढला, आमचा काढला. मग ओरडून काहीतरी सांगायला लागले. नदीच्या आवाजात अक्षर कळेना. शेवटी त्यांनी हात वर करून डोक्यावर गोल गोल फिरवला, दोनतीनदा फिरवला, जीपमध्ये बसले आणि गेले.

"हेलिकॉप्टर!" मिस्त्री म्हणाले.

"हेलिकॉप्टर येनार हाय!" पडवीतून स्लॅबवर, स्लॅबवरून टेकाडावर बातमी गेली. बायकांनी केस विंचरले. एका आजोबांनी धोतर बदललं. हेलिकॉप्टरमध्ये आधी कोण बसणार यावरून दोन भावांत वाद झाला. मुलं संध्याकाळपर्यंत आभाळाकडं बघत बसली आणि प्रत्येक घारीला टाळ्या वाजवत राहिली. आठवड्याभरानं आम्हाला कळलं की साहेब 'मागच्या रस्त्यानं फिरून या' असं सांगत होते. तो मागचा रस्ता तेव्हा ओढ्याखाली होता. पण ती दुपार आमची फार छान गेली, हे मला नाकारता येत नाही.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला आणि ऊन पडलं. सगळ्यांना आनंद झाला आणि अकरा वाजेपर्यंत सगळ्यांना तहान लागली. पागोळ्या आटल्या होत्या. पुराचं पाणी उकळून, फडक्यानं गाळून बघितलं, तरी ते चहासारखं तांबडं आणि वास मारणारं. दोन लहान मुलांचं पोट बिघडलं. भरलेल्या नदीच्या काठावर बसून आम्ही घागरीच्या तळाशी वाटी खरवडत होतो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली. "तुमचं सरकार कवा येतंय" या प्रश्नातलं हसूसुद्धा कमी झालं होतं.

बाराच्या सुमाराला पलीकडच्या रस्त्यावर हॉर्न वाजला. लांब, ओळखीचा हॉर्न. उन्हाळ्यात तो वाजला की गाव हंडे घेऊन पळतं. सवयीनं चार बायका हंडे घेऊन उठल्याही. वळणावरून पाण्याचा टँकर आला, पूल होता तिथवर आला आणि थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं नदीकडं बघितलं. हातातल्या कागदाकडं बघितलं. परत नदीकडं बघितलं. मग तो टँकरच्या चाकाला टेकून खाली बसला आणि हसायला लागला. त्याचे खांदे हलताना आम्हाला इकडून दिसत होते.

आमच्याकडं आधी मावशी हसल्या, मग मी. मग टेकाडावरच्या म्हशी सोडून सगळे हसले. नदीच्या दोन्ही काठांवर माणसं पोट धरून हसत होती आणि मधून सगळ्या तालुक्याचं पाणी वाहून चाललं होतं.

टँकरच्या दारावर मोबाईल नंबर रंगवलेला होता. मिस्त्रींनी स्लॅबवरून फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"दादा, पानी कुठं सोडायचं सांगितलंय?"

"गावच्या विहिरीत."

"मग सोडा की. ती बघा, त्या बाभळीच्या अलीकडं. नदीच्या खाली हाय."

ड्रायव्हर परत हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "पन खरंच, प्यायला हाय का तुमाला?"

"न्हाई, दादा," मिस्त्री म्हणाले. "तेवढंच न्हाई."

"मग मी जात न्हाई. काय करायचं ते बोला."

मिस्त्रींच्या दुकानात विहिरीवर वापरतात तो काळा पाइप गुंडाळी करून पडलेला होता. पलीकडचा काठ आमच्यापेक्षा चांगला पुरुषभर उंच. पाइप पलीकडं पोचला तर पाणी आपोआप उतरून येईल, असं मिस्त्री म्हणाले. पण पोचवायचा कसा? पूल होता तिथं नदी अरुंद, तरी पोहून जायची कुणाची छाती होणार नाही असा ओढ. दगडाला सुतळी बांधून फेकून बघितली. गावातल्या सगळ्यात दांडग्या गड्याचा दगड निम्म्यात पडला.

मावशी एवढा वेळ काठावर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "हातानं व्हय रं पोचतोय? गोफन आना."

लहानपणी त्या ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभ्या राहून गोफणीनं पाखरं उडवायच्या, हे मला तेव्हा कळलं. कुणाच्या तरी घरच्या आढ्यातून गोफण निघाली. टोमॅटो बांधायची बारीक प्लॅस्टिकची सुतळी मिळाली. मावशींनी तिचं टोक गुळगुळीत गोट्याला बांधलं, बाकीची सुतळी पडवीतून आणलेल्या सतरंजीवर सैल पसरून ठेवायला सांगितली आणि पदर खोचला.

पहिला गोटा नदीत गेला. दुसराही गेला. तिसऱ्याची सुतळी मध्येच तुटली आणि गोटा एकटाच सुटला. तो थेट टँकरवर बसला. टण्ण. ड्रायव्हर टँकरखाली शिरला. खालून त्यानं फोन केला, "मावशीला म्हनावं, मी मदतीला आलोय!"

"मग भायेर ये आनि हुबा ऱ्हा," मावशी स्लॅबवरच्या फोनकडं तोंड करून ओरडल्या. त्यांना फोनची गरज नव्हती. "तू हायेस तितंच मारते मी."

चौथ्या खेपेला त्यांनी गोफण तीन वेळा डोक्यावर फिरवली आणि एक दोर सोडला. सुतळी सतरंजीवरून सरसर उठत गेली. ती हवेत चमकली, नदीवर कमान झाली आणि गोटा पलीकडच्या गवतात पडला. ड्रायव्हरनं पळत जाऊन सुतळीवर पायच ठेवला. त्या क्षणी आमच्या काठावर जे ओरडणं झालं तसं मी वर्ल्डकपलाही ऐकलेलं नाही. मावशी गोफण गळ्यात टाकून म्हणाल्या, "गुडघे गेले. खांदा हाय अजून."

सुतळीला दोरी, दोरीला विहिरीवरचा जाड दोर असं करत दोर पलीकडं गेला. ड्रायव्हरनं तो एका कडुलिंबाला बांधला, आम्ही शाळेच्या बाजूच्या चिंचेला. मग त्याला कडी लावून, पाइप जागोजागी अडकवत ओढायला सांगितलं. हे सगळं मिस्त्री स्लॅबवरून फोनवर सांगत होते आणि पलीकडं एकटा ड्रायव्हर करत होता. टँकरचं तोंड मोठं, पाइप बारीक. त्यानं स्टेपनीची जुनी ट्यूब कापली, तिच्या पट्ट्या गुंडाळल्या, वर तार आवळली आणि कॉक उघडला.

काहीच झालं नाही.

आम्ही पाइपाच्या तोंडाशी हंडे धरून उभ्या. पाइप एकदा खोकला. मग गप्प. "हवा धरली," मिस्त्री म्हणाले आणि खाली येऊन त्यांनी पाइपाला तोंड लावून ओढलं. गाल आत जाईपर्यंत ओढलं. आणि पाणी आलं ते त्यांच्या तोंडातून, नाकातून, डोक्यावरून उडालं. स्वच्छ, ब्लीचिंग पावडरचा वास मारणारं पाणी. उन्हाळ्यात त्या वासाला नाकं मुरडणारी माणसं ओंजळी पुढं करून उभी होती. आधी पोट बिघडलेल्या मुलांना दिलं, मग म्हाताऱ्यांना. मी प्यायले तेव्हा ओंजळीतून कोपरापर्यंत ओघळलेलं पाणी मी पुसलं नाही.

सगळी भांडी भरली तेव्हा ड्रायव्हरचा फोन आला. खेपेच्या कागदावर सरपंचांची किंवा ग्रामसेवकाची सही लागते. दोघंही नव्हते.

"सरकारी मानूस कोन हाय तितं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, डब्यात ठेवून दोरावरून आला. मी सही केली, शाळेचा शिक्का मारला. "मॅडम, शेरा बी मारा," ड्रायव्हर म्हणाला. "ती जागा मोकळी सोडू नका. मागनं कुनी काय बी लिवतं." मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'नदीला पूर येऊन गावचा पूल वाहून गेल्याने व विहीर बुडाल्याने पाणी नदीपलीकडून पाइपद्वारे घेतले.' डबा रिकामा कसा पाठवायचा, म्हणून मावशींनी त्यात दोन भाकऱ्या आणि लसणाची चटणी घातली.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर आला तेव्हा डब्यात त्याच्या बायकोनं केलेले धपाटे होते. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारून ठेवलेल्या बीपीच्या गोळ्या आणल्या, मुलांना बिस्किटं आणली. मावशींनी उलट भरल्या वांग्याची भाजी पाठवली. असं पाच दिवस चाललं. दोघी बायकांनी एकमेकींना बघितलं नव्हतं, पण डबा कधी रिकामा गेला नाही आणि रिकामा आला नाही. होडी काही आली नाही. हेलिकॉप्टर तर नाहीच.

पाणी उतरलं तेव्हा मी मावशींबरोबर वस्तीवर गेले. तीन भिंती विरघळून मातीचा ढीग झाला होता. चौथी उभी होती, तिच्यावर कॅलेंडर लटकत होतं. कणगीतल्या ज्वारीला मोड आले होते. मावशी ढिगावर बसल्या. मीही शेजारी बसले. मग त्या म्हणाल्या, "चूल तेवढी घावती का बघू," आणि हातानं माती उकरायला लागल्या. मी पण लागले. चूल घावली नाही, पण परात सापडली.

आठव्या दिवशी, पात्रातून ट्रॅक्टर जायला लागला तेव्हा, ते छत्रीवाले साहेब आले. पंचनाम्याला आले होते. हातात टॅब. तरुण होते, डोळे लाल, बुटांवर तीन रंगांचा चिखल. त्यांनी गावाचं नाव शोधलं, परत शोधलं.

"मॅडम, तुमचं गाव पूरग्रस्त यादीत नाहीये."

"का?"

"ते टंचाईग्रस्तमध्ये आहे. टँकर चालू आहे ना तुम्हाला? एकाच वेळी एका गावाला दोन्ही दाखवता येत नाही."

ते 'टाका' मीच म्हणाले होते.

मावशी पुढं झाल्या. त्यांनी साहेबांच्या कोपराला धरलं आणि त्यांना वस्तीवर नेलं. "साहेब, शिकल्याली मानसं तुमी. ह्या भिती दुस्काळानं पडल्यात व्हय?"

साहेब त्या मातीकडं बघत राहिले. "मला दिसतंय, मावशी. पण मी यात भरलं तर ते परत येईल. मला कागद पाहिजे. त्या तारखेचा, सहीशिक्क्याचा. पुराचा उल्लेख असलेला एक तरी सरकारी कागद."

मी ड्रायव्हरला फोन केला. तो तासाभरात खेपांचे पाचही कागद घेऊन हजर झाला, या वेळी पात्र पायी ओलांडून. पाचही कागदांवर माझी सही, शाळेचा शिक्का आणि तोच शेरा. पूर, पूल, विहीर. साहेबांनी तो शेरा दोनदा वाचला.

"टंचाईच्या टँकरच्या कागदावर पुराचा दाखला?" असं म्हणून ते ड्रायव्हरसारखेच मटकन खाली बसले आणि हसले. हसताना अजूनच तरुण दिसले. मावशींनी त्यांना चहा दिला. त्यांनी सगळ्या कागदांचे फोटो काढले आणि अंधार पडेपर्यंत घराघरात फिरून नोंदी केल्या. जाताना मला म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी मी ओरडून सांगितलं ते तुम्हाला कळलं होतं ना?" आणि मग हेलिकॉप्टरची गोष्ट ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

गावाचं नाव यादीत आलं, पण दिवाळी उलटल्यावर. मदत आली ती अर्ध्या घरांना आली, उरलेल्यांची अजून यायची आहे आणि त्यासाठी मी अजून अर्ज लिहून देते. पुलाच्या जागी मुरुमाचा भराव आहे. पुलाचं काम मंजूर आहे असं दर महिन्याला कळतं. मावशींच्या घरासाठी मात्र गाव थांबलं नाही. मुलगा-सून त्या वर्षी फडावर जायचे थांबले, मिस्त्रींनी पत्रे मिळवले, बाया-माणसांनी विटा वाहिल्या, आणि मार्गशीर्षात घर उभं राहिलं.

घरभरणीला मावशींनी ड्रायव्हरला बायकोसकट बोलावलं. मी त्या शनिवारी नगरला गेले नाही, नवऱ्यालाच इकडं बोलावून घेतलं. ड्रायव्हरची बायको ठेंगणी, लाजाळू, हिरवी साडी नेसलेली. दारात मावशी आणि ती समोरासमोर आल्या.

"तुमचे धपाटे लई खारट हुते," मावशी म्हणाल्या.

तिनं पदर सावरला. "आन् तुमच्या चटनीनं ह्यांचं तोंड दोन दिस सोललं हुतं."

मावशींनी तिला असं कवळलं की तिच्या डोक्यावरचा पदर खाली आला. मग दोघी हसत आत गेल्या आणि एकाच परातीत पीठ मळायला बसल्या. बाहेर मांडवात माझा नवरा ड्रायव्हर आणि मिस्त्रींच्या मध्ये जेवायला बसला होता. त्यानं तिसरी भाकरी मागितली, तेव्हा मी वाढायला उठले.